पोर्शे ९११ टर्बो (९३०): संग्राहकांना पहिली किंवा शेवटचीच गाडी का हवी असते?

नेकारकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

नोकरीच्या निमित्ताने गेली अकरा वर्षे मी स्टुटगार्टला राहतो. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना त्सुफेनहाउझेनचे पोर्शे संग्रहालय दाखवायला नेणे हा आमच्या घरचा रिवाज झाला आहे आणि दर वेळी माझे पाय जुन्या ९११ टर्बोपाशी थबकतात. कारखान्याच्या भाषेत हिचा क्रमांक ९३०. मागच्या चाकांवरचे फुगलेले मडगार्ड आणि इंजिनाच्या झाकणावरचा रुंद स्पॉयलर शाळकरी वयात एका मासिकात पाहिले होते, ते चित्र अजून मनातून गेलेले नाही.

आता प्रश्नाचे कारण सांगतो. आमच्या वसाहतीतील एक निवृत्त गृहस्थ, ज्यांच्याशी आमचा घरोबा आहे, आपली १९८० सालची ९११ टर्बो विकण्याच्या विचारात आहेत. ३.३ लिटरचे इंजिन, चार गिअर, आणि १९९१ पासून गाडी त्यांच्याकडेच आहे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो जड क्लच दाबणे त्यांना आता झेपत नाही. बाजारात जाहिरात देण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, याचा मला आनंद आहे. पण रक्कम अशी आहे की ती दिल्यावर पुढची काही वर्षे दुसऱ्या कोणत्याही मोठ्या खर्चाचा विचार करता येणार नाही.

मी ज्या दोन-तीन जाणकारांशी बोललो, त्या सर्वांनी एकच गोष्ट सांगितली: संग्रहासाठी घ्यायची तर १९७५ ते १९७७ या काळातील तीन लिटरची घ्यावी, नाहीतर १९८९ ची पाच गिअरची, मधल्या गाड्यांना तेवढा मान नाही. १९८९ च्या गाडीचे मी समजू शकतो, कारण ती शेवटची आणि सर्वांत सुधारलेली. परंतु पहिल्या गाड्यांना इंटरकूलर (दाबलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी थंड करणारा भाग) नव्हता, ब्रेक बेताचे होते, इंजिन २६० अश्वशक्तीचे होते, तर १९७८ पासूनचे ३०० अश्वशक्तीचे. सर्व बाबतींत कमी असलेल्या गाडीला अधिक किंमत का मिळते? आणि १९८० ची गाडी घेणे हा चुकीचा निर्णय ठरेल का? सविस्तर उत्तरांची अपेक्षा आहे.

शर्यतप्रेमी यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या तांत्रिक तक्त्यात सापडणार नाही, कारण ही गाडी मुळात रस्त्यावरच्या ग्राहकाने मागितली म्हणून जन्माला आलेली नाही. तिची मुळे शर्यतीत आहेत, आणि पहिल्या गाडीची किंमत ती त्या मुळांच्या किती जवळ आहे यावर ठरते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेतील कॅन-अ‍ॅम या शर्यतींच्या मालिकेत मोठमोठ्या अमेरिकी इंजिनांपुढे उभे राहायचे तर ताकद कोठून आणायची, हा पोर्शेपुढचा प्रश्न होता. सोळा सिलिंडरचे इंजिन बांधून त्याच्या चाचण्याही झाल्या होत्या. परंतु हान्स मेत्सगर आणि व्हॅलेंटिन शेफर यांच्यासारख्या अभियंत्यांनी ९१७ या शर्यतीच्या गाडीच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाला टर्बोचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) जोडण्याचा मार्ग धरला. १९७२ मध्ये जॉर्ज फॉल्मर यांनी ९१७/१० घेऊन ती मालिका जिंकली आणि १९७३ मध्ये मार्क डोनह्यू यांनी ९१७/३० घेऊन. या दुसऱ्या गाडीची ताकद हजार अश्वशक्तीच्या वर होती.

त्यानंतर हे तंत्र ९११ मध्ये आले. १९७४ च्या फ्रान्समधील ल मां या चोवीस तासांच्या शर्यतीत कॅरेरा आरएसआर टर्बो दुसरी आली. खाइस व्हान लेनेप आणि हर्बर्ट म्युलर ती चालवत होते. तिचे इंजिन २,१४२ घन सेंटिमीटरचे होते, आणि हा आकडा सहज पडलेला नाही. शर्यतीच्या नियमानुसार टर्बो असलेल्या इंजिनाची क्षमता १.४ ने गुणून धरली जाई; २,१४२ ला १.४ ने गुणले की उत्तर तीन हजारांच्या किंचित खाली येते, आणि तीन लिटर हीच त्या वर्गाची मर्यादा होती. मला स्वतःला या गाडीच्या इतिहासातला हा गुणाकार फार आवडतो, कारण नियमपुस्तिका शेजारी ठेवून इंजिन आखणारी माणसे त्यात दिसतात.

पुढे गट ४ या शर्यतीच्या वर्गात उतरायचे तर तशा ४०० गाड्या विक्रीसाठी बांधणे आवश्यक होते. कंपनीचे प्रमुख एर्न्स्ट फुरमान यांनी ती अट स्वीकारली आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ९११ टर्बो लोकांपुढे आली. तो काळही लक्षात घ्या. १९७३ च्या तेलसंकटाने युरोप हादरलेला होता. बीएमडब्ल्यूने त्याच वर्षी आणलेली २००२ टर्बो १,६७२ गाड्यांवरच थांबली. त्याआधी, १९६२ मध्ये, शेव्हरोले आणि ओल्ड्समोबिल यांनी अमेरिकेत टर्बोच्या गाड्या विकून पाहिल्या होत्या. त्यांचाही जम बसला नव्हता. अशा वेळी एक लहान कारखाना आपली सर्वांत महाग गाडी टर्बोसह बाजारात आणतो, आणि तीही नुसती रिकामी शर्यतीची गाडी म्हणून नव्हे, तर चामड्याच्या बैठका आणि उत्तम सजावटीसह, हे धाडस होते. ४०० चा आकडा सहज मागे पडला आणि १९८९ पर्यंत एकवीस हजारांहून अधिक ९३० विकल्या गेल्या. त्यांतील तीन लिटरच्या गाड्या तीन हजारांपेक्षा कमी आहेत.

म्हणून पहिल्या तीन वर्षांच्या गाडीकडे संग्राहक वेगळ्या नजरेने पाहतो. ९३४ आणि ९३५ या शर्यतीच्या गाड्या तिच्यावरूनच उभ्या राहिल्या, आणि १९७९ मध्ये क्रेमर यांच्या संघाच्या ९३५ ने ल मां जिंकली. ३.३ लिटरची गाडी अधिक चांगली आहे, हे खरेच. परंतु ती ग्राहकाच्या सोयीसाठी सुधारलेली आहे, तर आधीची शर्यतीच्या पात्रतेसाठी बांधलेली आहे. संग्राहक या फरकाचे पैसे मोजतो.

ओघात आठवले म्हणून लिहितो. फर्डिनांड पोर्शे यांच्या कन्या लुईझ पिएच यांना ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी पहिली ९११ टर्बो भेट देण्यात आली. तिचे मडगार्ड साध्या ९११ सारखे अरुंद होते, इंजिन २.७ लिटरचे होते आणि आत लाल चौकड्यांचे कापड होते. रुंद मडगार्डाशिवाय टर्बो ओळखूच येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा या गाडीचे छायाचित्र अवश्य पाहावे.

डिझेलवाला_चिंचवड यांचे उत्तर

शर्यतप्रेमी यांनी इतिहास उत्तम मांडला आहे. मी पुण्याजवळच्या एका इंजिन कारखान्यात एकतीस वर्षे काढली, तीही बहुतेक टर्बोचार्ज केलेल्या डिझेल इंजिनांच्या चाचणी विभागात. त्यामुळे आपण ज्यांना ‘कमतरता’ म्हणता त्या कोठून आल्या, हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

टर्बोचार्जर ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्युखी यांचे पेटंट १९०५ सालचे. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची, इतकेच हे यंत्र आहे. डिझेलला ते मानवते, कारण डिझेल इंजिन सिलिंडरमध्ये केवळ हवा दाबते. इंधन शेवटच्या क्षणी येते. पेट्रोलमध्ये हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते. ते आधीच दाबलेले आणि तापलेले असेल, तर ठिणगी पडण्याची वाट न पाहता पेट घेते, आणि मग नॉकिंगने पिस्टन फुटतात. शिवाय पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच अधिक तापतो आणि फेऱ्यांचा पल्लाही मोठा असतो. आमच्या ट्रकच्या इंजिनाचा टर्बो जवळजवळ स्थिर फेऱ्यांवर चालतो. मोटारीचा टर्बो मिनिटाला हजार फेऱ्यांवरही उपयोगी पडावा आणि साडेसहा हजारांवरही, अशी अपेक्षा असते.

१९७५ मध्ये या सगळ्याला संगणकाची मदत नव्हती. म्हणून पोर्शेने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ६.५ वर उतरवले, जे त्या काळच्या स्पोर्ट्स कारसाठी फारच कमी होते. कॉम्प्रेशन कमी म्हणजे टर्बो जागा होईपर्यंत इंजिन सुस्त. इंधन बॉशच्या के-जेट्रॉनिक या यांत्रिक पद्धतीने अखंड फवारले जाई. दाब आवरण्यासाठी वेस्टगेट होता. शर्यतीतून शिकलेली खरी गोष्ट तो वेस्टगेट आहे: दाब आत येणाऱ्या हवेच्या बाजूला न अडवता, एक्झॉस्टचा जादा वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडायचा. त्यामुळेच हे इंजिन रोजच्या रस्त्यावर चालवण्याजोगे झाले.

तरीही साधारण तीन हजार फेऱ्यांपर्यंत फारसे काही घडत नाही आणि मग एकदम सगळे घडते, हा त्याचा स्वभाव राहिलाच. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे झाले, स्पॉयलरखाली इंटरकूलर आला, कॉम्प्रेशन ७ वर गेले आणि ब्रेक ९१७ च्या शर्यतीच्या ब्रेकवरून बेतले गेले. थंड हवा अधिक दाट असते, हा इंटरकूलरचा एक लाभ. परंतु माझ्या मते नॉकिंगपासून मिळालेली सुरक्षितता हा त्याहून मोठा. अभियंता म्हणून मला विचाराल तर १९७८ नंतरची गाडी हीच पूर्णत्वाला गेलेली रचना आहे, आणि तिला ‘मधली’ म्हणून कमी लेखणे मला पटत नाही.

एक विनंती मात्र आहे. गाडी घेतलीत तर जोरात चालवून आल्याआल्या इंजिन बंद करू नका. या टर्बोच्या बेअरिंगला केवळ इंजिन ऑइलचा आधार आहे. इंजिन थांबले की ऑइलचा प्रवाह थांबतो, तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेले ऑइल जळून त्याची काजळी धरते आणि टर्बोचे आयुष्य घटते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश यावे आणि मग मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवावे.

डोंगरवाट यांचे उत्तर

माझ्याकडे १९८६ ची ३.३ लिटरची गाडी आहे, म्हणजे आपण पाहत आहात त्याच जातीची. मी यॉर्कशरमध्ये डॉक्टर आहे, मूळची सातारची. गाडी नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहे आणि हवामान बरे असेल तेव्हा मी ती चालवते, झाकून ठेवत नाही.

तिचे आकर्षण लिहून सांगणे कठीण आहे, तरी प्रयत्न करते. चारच गिअर असल्यामुळे प्रत्येक गिअर लांबलचक आहे. पहिल्यातच गाडी ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास जाते. दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार फेऱ्यांवर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता आणि काही होत नाही. मागून एक बारीक शीळ सुरू होते, ती चढत जाते, आणि साडेतीन हजारांच्या सुमारास पाठीमागून लाट यावी तशी ताकद येते आणि पुढची सगळी चढण संपेपर्यंत ओसरत नाही. आजच्या टर्बो गाड्यांमध्ये ही वाट पाहणे उरलेले नाही. त्या अधिक वेगवान आहेत, पण पाय आणि इंजिन यांच्यामधले ते अंतर त्यांच्यात नाही. ते अंतर मोजायला शिकणे, वळण संपण्याच्या किती आधी पाय दाबावा म्हणजे ताकद नेमकी सरळ रस्त्यावर येईल याचा अंदाज बांधणे, यातच या गाडीचा सगळा आनंद आहे. एकदा तो अंदाज साधला की दुसऱ्या गाडीत मन रमत नाही.

त्याचीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेले आहे. वळणात शिरल्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला, तर भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. याच कारणाने हिला ‘विधवा करणारी’ असे नाव पडले. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमधील एका ओल्या सकाळी, उतारावरच्या डाव्या वळणात माझ्याकडून नेमके हेच झाले. गाडी पूर्ण फिरून गवतात थांबली. समोरून कोणी येत नव्हते, म्हणून आज हे लिहिते आहे. त्यानंतर मी जुन्या ९११ चालवण्याचे दोन दिवसांचे शिक्षण रीतसर घेतले. आपणही गाडी घेण्याआधी ते घ्यावे असा माझा आग्रह आहे. वेग वळणापूर्वी कमी करायचा, आणि वळणात शिरल्यावर पाय हलका पण स्थिर ठेवायचा, हे वाचून समजते. अंगवळणी पडायला वेळ लागतो.

आता खरेदीविषयी. गाडी पहिली, मधली की शेवटची, यापेक्षा तिचे आयुष्य कसे गेले याला मी अधिक महत्त्व देईन. १९८० च्या दशकात या गाड्यांवर फार कारागिरी झाली. कोणी मोठा टर्बो बसवला, कोणी दाब वाढवला, कोणी एक्झॉस्ट बदलला. १९८१ पासून पोर्शे खास मागणीनुसार ९३५ सारखे चपटे नाक बसवून देत असे आणि ते फार महाग होते. त्याची नक्कल बाहेरच्या अनेकांनी फायबरमध्ये केली. त्या वेळी तो हौसेचा भाग होता, आज संग्राहकाला मूळ रूप हवे असते, आणि ते परत आणणे नवे करण्याहून महाग पडते. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि गिअरबॉक्स नंबर कारखान्याच्या नोंदींशी जुळतात का, हे सर्वांत आधी पाहा.

आपल्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासा. १९८० ते १९८५ या काळात ९११ टर्बो अमेरिकेत अधिकृतपणे विकली जात नव्हती, त्यामुळे युरोपातील कित्येक गाड्या खासगी मार्गाने तिकडे गेल्या, तिथल्या नियमांसाठी कापल्या-जोडल्या गेल्या आणि किमती वाढल्यावर परत आल्या. आपले परिचित १९९१ पासूनचे मालक आहेत. त्याआधीची अकरा वर्षे गाडी कोठे होती? स्पीडोमीटर मैलांचा होता का, मडगार्डाच्या बाजूला जादा दिव्यांसाठी पाडलेली भोके पुन्हा बुजवलेली आहेत का, हे पत्र्याच्या आतल्या बाजूने पाहावे. १९७६ पासून पत्र्याला जस्ताचा मुलामा आहे, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या गाडीइतकी गंजाची धास्ती नाही. पण जिथे कापून जोडले असेल तिथे तो मुलामा गेलेला असतो. पुढच्या काचेभोवती, बॅटरीच्या खाली आणि दारामागच्या खालच्या खणात हात घालून बघा.

नेकारकाठ

तिघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी मी गाडी पुन्हा पाहून आलो आणि या वेळी वही घेऊन गेलो होतो.

तिन्ही नंबर जुळतात. कारखान्याचे प्रमाणपत्र त्यांनी पूर्वीच मागवून ठेवले होते. पहिले मालक म्युनिकचे होते आणि १९८० ते १९९१ च्या नोंदणीपुस्तिकेत खंड नाही, म्हणजे गाडी जर्मनीबाहेर गेलेली नाही. तीस वर्षांवरील मूळ स्थितीतील गाड्यांना इथे मिळणारी एच नंबरप्लेट तिला आहे. आतली काळी-पांढरी चौकड्यांची पाशा बैठक मूळची आहे, चालकाच्या बाजूला थोडी विरलेली. डाव्या मागच्या मडगार्डाला एकदा रंग दिलेला आहे, तो त्यांनी स्वतःहून दाखवला.

दोन गोष्टींनी मात्र चिंता वाटते. गाडी गेली सहा वर्षे फारच थोडी चालली आहे. गार इंजिन दोन-तीन प्रयत्नांनंतर सुरू झाले आणि पहिली दोन मिनिटे अडखळत होते. तसेच इंजिनाखाली ऑइलचे डाग आहेत. या खुणा मोठ्या दुरुस्तीच्या आहेत की उभ्या राहिलेल्या गाडीच्या?

डिझेलवाला_चिंचवड

गार असताना अडखळणे आणि तापल्यावर सुरळीत होणे, यावरून प्रथम संशय के-जेट्रॉनिकच्या वॉर्म-अप रेग्युलेटरवर जातो. गार इंजिनाला जास्त इंधन देण्याचे काम त्याचे. गाडी पडून राहिली की आतली जाळी आणि नळ्या चिकटतात. इंधनाचा दाब गार आणि गरम अशा दोन्ही स्थितींत मोजून घ्या. आकडे चुकले तर रेग्युलेटर आणि इंधन वाटणारा डिस्ट्रिब्युटर दोन्ही साफ करून पुन्हा जुळवावे लागतील. हे कुशल हाताचे काम आहे, पण इंजिन उघडावे लागत नाही.

ऑइलच्या डागांचे ठिकाण कळल्याशिवाय मत देणार नाही. हवेवर थंड होणारी ही इंजिने थोडीफार गळतातच. परंतु सिलिंडर हेड धरून ठेवणारे लांब स्टड (आट्यांचे दांडे) विशिष्ट मिश्रधातूचे आहेत, ओलाव्याने त्यांना गंज लागतो आणि उभ्या गाडीतही ते तुटू शकतात. खालचे व्हॉल्व्ह कव्हर काढले की तुटलेला स्टड समजतो. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणारी) चाचणी सहाही सिलिंडरांवर करून घ्या, आणि सहा आकडे एकमेकांशी किती जुळतात हे पाहा. एखादाच सिलिंडर वेगळा बोलत असेल, तर इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करण्याची विनंती करणे योग्य ठरेल.

डोंगरवाट

वरील सल्ल्यात क्लचची भर घालते. ३.३ च्या गाडीत गिअरचा खडखडाट कमी करण्यासाठी मध्यभागी रबर असलेली क्लचप्लेट बसवली होती आणि तिच्या जागेसाठी इंजिन आणखी थोडे मागे सरकवले होते. ते रबर वयाने विरते आणि तुकडे होऊन आत अडकते. माझ्या गाडीची ती प्लेट बदललेली आहे असे मला एका दुरुस्तीवाल्याने तोंडी सांगितले होते, मी विश्वास ठेवला, आणि आठ महिन्यांनी गाडी टो करून आणावी लागली. तुमच्याकडे बिल असेल तर त्यावर प्लेटचा प्रकार लिहिलेला आहे का, ते पाहा.

तुमच्या वर्णनावरून मला ही गाडी घेण्याजोगी वाटते. एकच मालक तीस वर्षांहून अधिक काळ, विरलेली पण मूळची पाशा बैठक, आणि रंगवलेले मडगार्ड स्वतःहून दाखवणारा विक्रेता, हे सगळे एकत्र क्वचित मिळते. ती बैठक नवी करून घेऊ नका.

नेकारकाठ

क्लचचे बिल २००४ चे निघाले आणि त्यावर स्प्रिंगची प्लेट, म्हणजे रबराची नव्हे, असे स्पष्ट लिहिले आहे. लीकडाउन चाचणीसाठी पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. गृहस्थ स्वतः सोबत येणार आहेत. सहाही आकडे इथे लिहीन.